आपला विलंब, आमचा विलंबित

माननीय प्रमुख पाहुणे यांस,
दिग्रसमधल्या एका गाण्याच्या क्लासचा सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, आपले जाहीर आभार मानायचे राहून गेले आहेत. आपण कुठल्याच कार्यक्रमाला वेळेवर येत नाही, त्याबद्दल.

गावात आमच्या मुलांच्या गाण्याला आपल्याएवढा मोठा आश्रयदाता दुसरा नाही. पत्रिकेवर सहाची वेळ असते, आपण आठच्या पुढं येता. मधले दोन तास खुर्च्यांवरची माणसं धरून ठेवायला कोणीतरी लागतं. मग संयोजकांना आमची आठवण होते. "मास्तर, पाहुणे येईस्तोवर पोरायले बसवा न जरा!" गणपती असो, दुर्गादेवी असो की स्नेहसंमेलन, पत्रिकेत मुलांची नावं कधी छापली जात नाहीत. 'पाहुणे येईस्तोवर' हीच त्यांची ओळख.

आपल्या प्रवासावरच आमची लय ठरते. "साहेब यवतमाळहून निघाले," असा निरोप आला की विलंबित एकताल सुरू. "दारव्हा सोडलं," म्हटलं की मध्यलय. "बसस्थानकापाशी आले," की द्रुत. गाडीचं दार वाजलं की तिहाई घ्यायची, पण ती तिसऱ्यांदा कधीच पुरी होत नाही. तोवर ढोलताशा सुरू झालेला असतो. शिवाय आमचा तंबोरा मोबाईलमधला. निरोपाचा फोन त्याच मोबाईलवर येतो, त्यामुळे आपण दारव्हा सोडलं की आमचा षड्जही सुटतो.

रागांचं समयचक्रसुद्धा मुलं आपल्यामुळेच शिकली. आपण सातला याल असं वाटलं तर पूरियाधनाश्री, आठला यमन, साडेनवाला बागेश्री. मालकंस अजून बसवलेला नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहाला भोंगे बंद करावे लागतात, आणि तेव्हा तर आपलं भाषण रंगात आलेलं असतं.

आपल्यासमोर मुलांना गायला मिळतं ते फक्त स्वागतगीत. त्यात नावाची एक जागा मोकळी ठेवलेली असते. एकदा ऐनवेळी पाहुणे बदलले. तीन अक्षरांच्या जागेत सात अक्षरांचे पाहुणे बसवताना केरव्याच्या मात्रा अपुऱ्या पडल्या. आडनाव गाळून भागवलं. आपण नव्हतात ते, काळजी नसावी.

एकदाच, दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, आपण वेळेवर आलात. तसा आपला दोष नाही, पुसदचा एक कार्यक्रम रद्द झाला होता म्हणे. आमच्या एका विद्यार्थिनीनं त्या दिवसासाठी तीन महिने यमन घोटला होता. तिची आई कापसाची वेचणी अर्धी टाकून, घरात होतं ते चांगलं लुगडं नेसून एसटीनं आली होती आणि दुसऱ्या रांगेत बसली होती. सहाला पाच कमी असताना आपली गाडी आली. मग सत्कार झाले, शाली झाल्या, श्रीफळं झाली, आणि आपण 'ग्रामीण भागातल्या दडलेल्या गुणांना' वाव देण्याबद्दल पाऊण तास बोललात. दडलेला गुण पडद्यामागं तबल्याशेजारी बसून ऐकत होता. आई शेवटच्या एसटीनं परत गेली. तेव्हापासून कार्यक्रम ठरला की ती मुलगी मला विचारते, "सर, पाहुणे टाइमावर आले त मंग?"

आता आपण म्हणाल, परीक्षा आहेत की! आहेत ना. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या शिष्यांनी पुढं उभ्या केलेल्या मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आमची मुलंही देतात. दहावीला वाढीव गुणही मिळतात. पण परीक्षा होते खोलीत, एका परीक्षकासमोर. आवाज फाटला तर सावरायचं कसं, समोरचं बाळ रडायला लागलं तर सूर धरायचा कसा, हे मांडवातच कळतं. त्या अभ्यासक्रमातही वर गेलं की मंचप्रदर्शनाचे गुण असतात. मंच मात्र अभ्यासक्रमासोबत मिळत नाही.

१९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये बी. आर. देवधरांनी भरवलेल्या परिषदेत अकरा-बारा वर्षांचं एक पोर गायलं. हॉल थक्क झाला. पुढं त्याच कुमार गंधर्वांनी देवधरांकडंच तालीम घेतली. त्या दिवशी मध्येच कोणी "पाहुणे आले, आवरतं घ्या" म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आपण भाषणाच्या तयारीतून सवड काढून करावा. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव भरवला, आणि समारोपाला स्वतः गायचे. म्हणजे तिथला सगळ्यात मोठा माणूस सगळ्यांचं होईपर्यंत थांबायचा. आपल्याकडं सगळे सगळ्यात मोठ्या माणसासाठी थांबतात.

एवढ्या लांब कशाला, आपल्या घंटीबाबांच्या देवळात भजन चालू असताना कोणीही येवो, चपला काढतो आणि मिळेल तिथं मांडी घालतो. होळीला बंजारा तांड्यावर लेंगी रंगली की आलेल्या पाहुण्यासाठी ती थांबत नाही. पाहुणाच गोलात ओढला जातो. तिथं माइक नाही, सूत्रसंचालक नाही, बहुधा म्हणूनच.

तर विनंती एवढीच. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात शास्त्रीय गायनाला दहा मिनिटं मिळतात. तेवढी आमच्या शाळकरी पोरांना द्यावीत, आणि पत्रिकेत नावानिशी छापावीत. आपण खुशाल उशिरा या, आमची हरकत नाही. गाण्यात उशिरा येणाऱ्याचीही सोय असते. फक्त आल्या आल्या व्यासपीठ चढू नका. दुसऱ्या रांगेत वेचणी टाकून आलेल्या एखाद्या आईशेजारची खुर्ची घ्या, आणि समेची वाट बघा. सम कुठं आहे ते आपल्याला कळलं नाही तर तिच्याकडं बघा, तिची मान हलेल.

आपला,
पाहुणे येईस्तोवरचा मास्तर,
दिग्रस

ता. क. पुढच्या कार्यक्रमाची वेळ सहाची छापली आहे. मी बागेश्री बसवायला घेतला आहे.