बहीण लाडकी, भाचा परका

2 एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन. इमारतींवर निळे दिवे लागतात, नेत्यांच्या हँडलवर निळी चित्रं झळकतात. नवं आर्थिक वर्ष आदल्याच दिवशी सुरू झालेलं असतं. त्याचे आकडे मात्र कुणी झळकवत नाही.

आपण बघू. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. तो अमलात आणायला केंद्राची एक योजना आहे. 2022-23 च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी 240 कोटी होते. पुढच्या वर्षी 150. मग 135. मग 2025-26 मध्ये 115. दरम्यान महागाई दिव्यांगांना सवलत देऊन थांबली होती का?

केंद्राच्या अख्ख्या दिव्यांग विभागाला त्या वर्षी 1,275 कोटी. एकूण अर्थसंकल्प 50 लाख कोटींच्या वर. म्हणजे शंभर रुपयांतले अडीच पैसे. भिकाऱ्याच्या वाटीत टाकले तर तोही हाक मारून परत देईल.

शेतकऱ्याचं अनुदान कापलं की रस्ता अडतो. इथे रस्ता कोण अडवणार? आई स्पीच थेरपीच्या बाकड्यावर, बाप ओव्हरटाइमला. आणि मूल? त्याला मोर्च्याच्या गर्दीत दोन मिनिटं उभं करून दाखवा.

म्हणून तर कात्री इथे बिनधास्त चालते.

शाळेकडे वळू. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला 3,500 रुपये धरलेले आहेत. साधनं, मदतनीस, थेरपी, सगळं त्यातच बसवायचं. शहरातल्या खासगी सेंटरमध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं सेशन पाचशेला मिळालं तर स्वस्त म्हणायचं. त्या दराने सात सेशन झाली. आठवड्याला दोन धरा. जूनच्या मध्यावर शाळा उघडते, आषाढीच्या आसपास सरकारची वर्षभराची माया आटोपते.

पुढचं पांडुरंग बघेल.

पैसेवाल्या शाळांचं बरं आहे. तिथे नकार देत नाहीत, ‘शॅडो टीचर आणा’ म्हणतात. तिचा पगार पालकांनी द्यायचा, शाळेची फी वेगळी. मुलाला सामावून घेतल्याचं श्रेय शाळेच्या माहितीपत्रकात.

आणि तालुक्याच्या गावात? आधी थेरपिस्ट शोधा, दर नंतर विचारा. एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, हे खरं. पण मजुरीचा दिवस अख्खा बुडतो.

आता अपंगत्वाचं सर्टिफिकेट. दहावीला 35 टक्क्यांना पास करणारं आपलं राज्य, इथे मात्र 40 लागतात. सिव्हिल हॉस्पिटलात स्वमग्नता मोजायला 40 प्रश्नांची प्रश्नावली असते. त्यातून अपंगत्वाचे टक्के निघतात. 40 च्या खाली गेलात की बहुतेक योजनांची दारं बंद. आता गंमत बघा. आईबापांनी कर्ज काढून थेरपी केली, मूल बोलायला लागलं, तर टक्के घसरायची भीती. पोरगं सुधारलं तर मदत जाणार.

जगातली ही एकच परीक्षा असेल, जिच्या आदल्या दिवशी आई मनात म्हणते, उद्या जरा वाईटच वाग रे बाबा.

एडीएचडीवाल्यांना ही परीक्षाही नाही. कायद्याच्या यादीत 21 प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात एडीएचडी नाही. डॉक्टर निदान लिहितात, गोळ्या लिहितात, बिल घेतात. सरकारच्या लेखी पोरगं नुसतं वांड आहे.

राज्य सरकारला न्याय दिला पाहिजे. दिव्यांगांसाठी त्याने वेगळा विभाग काढला. संजय गांधी निराधार योजनेत 2025 मध्ये दिव्यांगांचे 1,500 चे 2,500 केले. टाळ्या.

टाळ्या थांबल्या असतील तर अट वाचा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत हवं. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये. बापाने 161 दिवस काम केलं की तो श्रीमंत. उरलेले 204 दिवस त्याने घरी बसून गरिबी सिद्ध करावी, अशी अपेक्षा दिसते. लाडक्या बहिणीला मात्र उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. तिच्याच दिव्यांग लेकराला 50 हजार. मामा हिशेबाला पक्के.

मध्यमवर्गाने हसू नये, त्याचंही काम झालंय. जुन्या करप्रणालीत दिव्यांग मुलाच्या खर्चापोटी 75 हजारांची वजावट मिळते, अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाखाची. नव्या प्रणालीत हा रकानाच नाही. ‘पण 12 लाखांपर्यंत करच नाही!’ बरोबर. शेजारच्या जोशांनाही नाही, आणि त्यांचा मुलगा क्रिकेट कोचिंगला जातो. दोघांना एकाच मापाने मोजलं, याला समता म्हणायचं की आळस?

या सगळ्या वजाबाक्यांची बेरीज एकाच ठिकाणी होते. आई नोकरी सोडते. बापाचा पगार जास्त असतो म्हणून, शाळेतून फोन तिलाच येतो म्हणून, सासूबाईंनी ‘आमच्यात असं कुणी नव्हतं’ म्हटलं म्हणून. मग ती यूट्यूबवर थेरपी शिकते. पगार नाही, रजा नाही, पेन्शन नाही. एवढा स्वस्त कर्मचारी दुसऱ्या कुठल्या खात्याकडे आहे?

आपण तिचं कौतुक करतो, नाही असं नाही. 2007 मध्ये ‘तारे जमीन पर’ बघून रडलो, 2025 मध्ये ‘सितारे जमीन पर’ बघून पुन्हा रडलो. मधल्या 18 वर्षांत सोसायटीच्या वाढदिवसाला त्या एका मुलाला बोलवायचं तेवढं राहून गेलं.

राहता राहिला ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी. स्वतःच्या उत्पन्नातला एवढा वाटा दिव्यांगांवर खर्च करायचा, असा नियम आहे. वर्षभर तो कुणाला आठवत नाही. मार्चएंडला आठवतो. मग वाटप. कुठे हजार-पाचशे रोख, कुठे भांडी, कुठे पिठाची गिरणी. मिक्सर लावला तरी कानांवर हात ठेवून पळणाऱ्या पोराच्या घरी पिठाची गिरणी! घ्यावी तर लागते, नाही घेतली तर पुढच्या वर्षी यादीत नाव नाही. फोटो काढतात. पोरगं कॅमेऱ्याकडे बघत नाही. पुन्हा काढतात. तरी बघत नाही.

मग सरपंच आईला म्हणतात, ‘वहिनी, त्याला जरा हसायला सांगा की.’