जागेपणाला टाळे

झोपेच्या जुन्या गोळ्या मेंदूला गुंगी आणत. नव्या गोळ्या जागेपणाचीच वाट अडवतात. माणसाला जागे ठेवणारे ओरेक्सिन हे मेंदूतील रसायन १९९८ साली सापडले. त्याला रोखणारे पहिले औषध, सुवोरेक्सांट, अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाले. मागोमाग लेम्बोरेक्सांट आणि डॅरिडोरेक्सांट आले. नावे अशी, की पाठ करतानाच डोळा लागावा. चाचण्यांत सुवोरेक्सांट घेणाऱ्यांना नकली गोळीवाल्यांपेक्षा काही मिनिटे लवकर झोप लागली. मुख्य दुष्परिणाम दुसऱ्या दिवशीची पेंग. म्हणजे औषध लागू पडते, फक्त वेळापत्रक त्याचे स्वतःचे असते.

जुन्या झोल्पिडेमची तऱ्हा निराळी. ते घेतलेली काही माणसे झोपेतच स्वयंपाक करत, गाडीही हाकत. २०१९ मध्ये त्यावर ठळक चौकटीतला इशारा आला. नव्या गोळ्यांच्या पत्रकातही हा इशारा आहे, चौकट तेवढी नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून वर्तनोपचार सुचवला: रोज ठरल्या वेळी उठावे, झोप येईना तर अंथरूण सोडावे. त्याचे पेटंट कोणाकडेच नसल्याने टीव्हीवर त्याची जाहिरात लागत नाही.