रुमाल टाकून लाट

देवगाव फाट्याला कुणी येत नाही, सगळे तिथून पुढं जातात. एक रस्ता सेलूला, एक जिंतूरला, एक मंठ्यावरून जालन्याला. माझं अर्धं आयुष्य तिथं गाडीची वाट बघण्यात गेलं. त्यामुळं गोव्यात, हरमलच्या किनाऱ्यावर, सर्फिंग शिकवणारा पोरगा म्हणाला, "काका, यात निम्मं काम वाट बघायचंच असतं," तेव्हा मला वाटलं, निम्मा कोर्स तर झाला!

उरलेला निम्मा वाळूत सुरू झाला. फळीवर पालथं पडायचं, तळवे छातीशी टेकवायचे आणि एका झटक्यात उभं राहायचं. झटका कमरेनं ठेवून घेतला. फळी आठ फुटी आणि वरून मऊ, नवशिक्यांच्या टाळक्यांचा विचार करून केलेली. तिची दोरी मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, म्हणून शिकायचं ते दिवाळीनंतर, लाटा लहान असताना. सर्फिंग टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, पहिल्यांदा आलं, हे मी बायकोला ऐकवलं. "अहो, आधी उभे तर राहा," ती म्हणाली.

हरमलचा सूर्यास्त चांगला असतो म्हणतात. माझ्या डोळ्यांत तेव्हा मीठ होतं.

या खेळात एका लाटेवर एकच माणूस. लाट फुटते तिथं जो सगळ्यात जवळ, लाट त्याची. बाकीच्यांनी मुकाट सोडायची. हा नियम फाट्यावर लावा, माणूस जन्मात सेलूला पोचायचा नाही! जीप दिसली की धावायचं, खिडकीतून रुमाल टाकायचा, मग भांडायचं. लाट दिसली आणि मी घुसलो. शेजारून एक रशियन आजीबाई तीच लाट धरून येत होत्या. फळीवर फळी, दोरीत दोरी. वर आलो तेव्हा माझा उजवा पाय त्यांच्या डाव्या पायाला पक्का बांधलेला. त्या रशियनमधून बोलत होत्या, मी परभणीतून. तशीच तीन पायांची वरात गुडघाभर पाण्यातून बाहेर निघाली. बायको फोटो काढत होती.

वाळूत बसून आजीबाईंनी माझा पाय सरळ मांडीवर घेतला आणि गाठ सोडवायला लागल्या. मध्येच थांबल्या. टाचेच्या भेगांवरून अंगठा फिरवला, पिशवीतून खोबरेल काढून त्यांत चोळलं. माझ्या टाचेला आईनंतर कुणी हात लावला नव्हता. वडीलधारी बाई पायाला हात लावते म्हणून मी ओशाळून वाकलो आणि त्यांच्या पाया पडलो. त्यांना वाटलं, मी त्यांच्या बाजूची गाठ सोडवतोय. त्यांनी पाय पुढं केला.