हयातीचा दाखला

मला मरणाची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुठे मी धीराने वागलेला दिसलो, तर ती छपाईची चूक समजावी.

या भीतीचं मूळ आमच्या आजोबांच्या तेरवीत आहे. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. घरात गरुडपुराण लावलं होतं. मोठी माणसं मान खाली घालून बसत. ती शोकामुळे असं मला वाटे, पण बऱ्याच जणांना डुलकी लागलेली असायची. कान देऊन ऐकणारा मी एकटाच. यमदूत जीवाला बांधून नेतात, यमपुरी गाठायला वर्ष लागतं, वाटेत पू-रक्ताने भरलेली वैतरणी लागते, आणि जिवंतपणी गाय दान केली असेल तर ती गायच पलीकडे नेते. आमच्याकडे गाय नव्हती. दारात एक शेळी बांधलेली असायची, तीसुद्धा शेजाऱ्यांची. "शेळीचं शेपूट धरून चालतं का?" असं मी महाराजांना विचारलं आणि वडिलांनी मला यमदूताची वाट पाहायला लावली नाही. पुढे नरकांचा विषय निघाला. भागवताच्या पाचव्या स्कंधात त्यांची संख्या 28 दिली आहे. त्यातल्या कुंभीपाकात उकळत्या तेलात तळून काढतात. मी रोज देवापुढचा गूळ चोरत असे, त्यामुळे 28 पैकी आपला कोणता, एवढंच मला कळून घ्यायचं होतं.

अशा माणसाला सरकारने काम द्यावं तर कोणतं? पेन्शनचं टेबल. दर नोव्हेंबरात म्हातारी माणसं माझ्यासमोर येऊन आपण जिवंत असल्याचं लिहून देतात. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. 2014 पासून तो बोटाचा ठसा घेऊन यंत्रावरही काढता येतो, पण जन्मभर धान लावून झिजलेली बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत. बाई समोर उभी असते, पदर सावरत असते, चहा मागत असते, आणि यंत्र म्हणतं, माणूस जुळत नाही. एक निवृत्त मास्तर दर वर्षी हसत आत येतात आणि खुर्चीवर टेकत म्हणतात, "यंदाबी हुकलो जी साहेब!" मी त्यांच्या कागदावर शिक्का मारतो आणि टेबलाखाली आपलीच नाडी बघून घेतो.

आणि हे टेबल सिरोंच्याला; तिथे माझी बदली झाली. 1982 साली चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा काढला, त्याचं हे दक्षिणेकडचं शेवटचं टोक. आलापल्लीपासून पुढचे शंभरेक किलोमीटर मी पहिल्यांदा एसटीने केले, तेव्हापासून वैतरणीबद्दलचं माझं कुतूहल कमी झालं आहे. गावात अर्धं बोलणं तेलुगू, उरलेल्यात मराठी आणि गोंडी. पोचल्याच्या आठव्या दिवशी मी विनंती बदलीचा अर्ज टाकला. सहा महिन्यांनी दुसरा, वर्षाने तिसरा.

मार्च 2022 मधली गोष्ट. सिरोंच्याची मिरची आणि त्या मिरचीची भजी या दोन गोष्टींना मी तोवर रुळलो होतो. रात्री एक वाजता छातीत कळ आली. डावा हात मुंग्या आल्यासारखा वाटला. (त्यावर मी झोपलो होतो, हे नंतर कळलं.) मी बायकोला हलवून म्हटलं, "मी चाललो."

"जाताना फाटक लावा. कुत्री येतात," ती म्हणाली आणि कूस बदलली.

अंधारात मी नदीकडे तोंड करून हात जोडले. पलीकडे कालेश्वरम आहे, तिथे खुद्द यमाचं लिंग आहे, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. म्हटलं, देवा, आजची रात्र काढ, दर्शनाला येतो. सकाळी दवाखान्यात ईसीजी काढला. डॉक्टरांनी कागदाची पट्टी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "रात्री काय खाल्लं?"

"थोडी भजी."

"किती?"

"सात," मी म्हणालो.

"अकरा," बायको म्हणाली.

आम्लपित्ताच्या गोळ्या मिळाल्या. पण नवस बोलून झाला होता, आणि यमाशी केलेला वायदा भज्यांच्या कारणावरून रद्द होत नाही.

शेजारच्या अम्मांनी मला सगळी हकीगत सांगितली. कालेश्वरमच्या गाभाऱ्यात एकाच शाळुंकेवर दोन लिंगं आहेत. एक कालेश्वर, म्हणजे यम. दुसरा मुक्तेश्वर, म्हणजे शिव. पूर्वी म्हणे लोक मुक्तेश्वराचं दर्शन घेऊन थेट मुक्त व्हायला लागले आणि यमाच्या गावाला माणूसच मिळेना. यमाने शंकराकडे गाऱ्हाणं नेलं. तेव्हा ठरलं की आधी यमाचं दर्शन, मग शिवाचं. मला ही गोष्ट फार जवळची वाटली. खातं बंद पडायची वेळ आली की खातेप्रमुख वर जाऊन एक नवा टप्पा मंजूर करून आणतो. आता प्रत्येक फाईल त्याच्या टेबलावरून जाणार.

आणखी एक गोष्ट मला नकाशा बघताना सापडली. आमच्याच जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा देवस्थान आहे. सोळाव्या वर्षी मरायचं ठरलेला मार्कंडेय तिथे शिवलिंगाला मिठी मारून बसला आणि यमाला हात हलवत परत जावं लागलं, अशी तिथली श्रद्धा. तीच वैनगंगा पुढे वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यावरून जाते आणि कालेश्वरमपाशी गोदावरीत मिसळते. म्हणजे ज्या पाण्याने यमाची फजिती पाहिली, तेच पाणी वाहत येऊन यमाच्या दारात उभं राहतं. मला हा शुभशकुन वाटला. मरणाला भिणाऱ्या माणसाला अख्खा भूगोल शकुन-अपशकुनात विभागता येतो.

एका रविवारी पूल ओलांडून गेलो. बरोबर तांब्या, नारळ, फुलं आणि दीड वर्षात जमवलेले सहा तेलुगू शब्द. नीळ्ळु म्हणजे पाणी. एंता म्हणजे किती. लेदु म्हणजे नाही. सरे म्हणजे बरं. अम्मा म्हणजे अम्मा. आणि मंदु म्हणजे औषध, पण संध्याकाळनंतर तोच शब्द दारूसाठी वापरतात.

गाभाऱ्यात गर्दी होती. मी नवखा आहे हे ओळखून शेजारचे एक गृहस्थ आपुलकीने काहीतरी सांगू लागले. त्यात 'मुंदु, मुंदु' असं दोनदा आलं. मला ते 'मंदु' ऐकू आलं. देवाच्या दारात हा माणूस मला पिऊन आलात का विचारतो! मी कानाला हात लावून म्हटलं, "लेदु! मंदु लेदु!" त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, "सरे," म्हणाले आणि बाजूला सरकले. मागून रेटा आला, मी जे लिंग समोर आलं त्यावर तांब्या रिकामा केला, डोळे मिटले आणि मनापासून सुटकेचं मागणं मागितलं. डोळे उघडले तर लिंगावरच्या दोन छिद्रांतून पाणी आत जात होतं, बाहेर थेंब नाही. हे पाणी जमिनीखालून संगमावर जातं, असं लोक मानतात. मला मोठं समाधान वाटलं.

घरी आल्यावर अम्मांनी विचारलं, "पाणी कुठे घातलं, सारू?"

"छिद्रं होती त्यावर."

"अय्यो! तो मुक्तेश्वर! मुंदु कालेश्वर, मग तो!" आणि मग त्यांनी मराठीत सांगितलं, "मुंदु म्हणजे आधी."

मी ओट्यावरच बसलो. हे योग्य मार्ग सोडून थेट वर अर्ज पाठवण्यासारखं झालं होतं. खालच्या साहेबाला डावलून वर गेलेल्या अर्जाचं काय होतं, हे मी वीस वर्षं पाहत आलोय. तो साहेब विसरत नाही. पण खरा घाम मला त्यानंतर फुटला. मी मुक्तेश्वराकडे मुक्ती मागून आलो होतो! मुक्ती म्हणजे सुटका. आणि मला तर कुठूनही सुटायचं नव्हतं. मोक्ष ही परत न येण्याच्या अटीवर मिळणारी बदली आहे, आणि मी ती विनंतीवरून, स्वखर्चाने, नारळ फोडून मागितली होती.

रात्रभर झोप नाही. वर गेल्यावर काय असतं, हे कोणाला तरी विचारावं म्हटलं तर कठोपनिषदातला नचिकेता आठवला. तो यमाच्या दारी गेला तेव्हा साहेब जागेवर नव्हते. पोरगं तीन रात्री उपाशी बसून राहिलं. त्याची भरपाई म्हणून तीन वर मिळाले आणि तिसऱ्यात त्याने हाच प्रश्न विचारला. त्यावर यमाने काय केलं? हत्ती घे, घोडे घे, सोनं घे, पाहिजे तेवढं आयुष्य घे, पण हे विचारू नकोस म्हणाला. नचिकेता हटून बसला. त्याच्या जागी मी असतो तर 'पाहिजे तेवढं आयुष्य' ऐकल्याबरोबर पोच लिहून दिली असती आणि जगाला एक उपनिषद कमी पडलं असतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात माझा चेहरा बघून शिपायाने धीर दिला. आमच्या तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ जमिनीत डायनासोरची हाडं सापडली, ती गोष्ट त्याने काढली. 1958 ते 1961 च्या खोदकामात तीनशेच्या आसपास हाडं निघाली, निदान सहा जनावरांची. मांडीचं एक हाडच माणसाच्या उंचीएवढं, म्हणून नाव पडलं बारापासॉरस, मोठ्या पायाचा. पुढे 'टागोरेई' जोडलं, कारण खोदकामाच्या काळात रवींद्रनाथांची जन्मशताब्दी आली होती. सांगाडा उभा आहे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत.

"सहाच्या सहा एकाच जागी गेले साहेब," शिपाई म्हणाला. "ना तेरवी, ना गरुडपुराण. काय झालं त्याईचं?"

मला एकच उत्तर सुचलं. कोट्यवधी वर्षं थांबावं लागलं, पण सिरोंच्यातून कोलकात्याला बदली झाली.

एप्रिलमध्ये गुरू मीन राशीत गेला आणि प्राणहितेचा पुष्कर लागला. हा नदीस्नानाचा मेळा बारा वर्षांनी येतो आणि बारा दिवस चालतो. त्या वर्षी तो 13 ते 24 एप्रिल होता. सिरोंच्याच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी डुबक्या मारत होतं, कुणी पितरांना पिंड देत होतं. मीही आजोबांच्या नावाने पाणी सोडलं. शेळीचं काय झालं, हे त्यांना विचारायचं राहून गेलं. मग क्रम दुरुस्त करायला पुन्हा कालेश्वरमला गेलो.

रांग लांबलचक. एप्रिलचं सिरोंच्याकडचं ऊन म्हणजे कुंभीपाकाची तोंडओळख. दोन तास झाले, डोक्यावर ओला टॉवेल, हातात तांब्या. गाभारा दिसू लागला आणि एक तरणाबांड गडी बाजूने घुसून माझ्यापुढे उभा राहिला. माझं डोकं फिरलं. मी त्याचा दंड धरला आणि सगळी रांग वळून बघेल अशा आवाजात ओरडलो, "ओ भाऊ! दोन तासांपासून उभा आहे मी! यमाकडे आधी माझा नंबर आहे!"

क्षणभर सगळे गप्प. मग पुढून एक आमच्याच बाजूचे म्हातारबुवा वळले, हात जोडून म्हणाले, "जा जी बाप्पा, तुमी जा आदी. आमाले काही घाई नाई."

रांग हसली. तो पोरगाही हसला. मी हसलो नाही, पण नंबरही सोडला नाही. एवढ्या लोकांसमोर मागितलेला नंबर सोडता येत नाही. आधी कालेश्वराला पाणी घातलं, मग मुक्तेश्वराला. मुक्तेश्वरापुढे हात जोडून हळूच म्हटलं, मागचा अर्ज चुकून आला होता, तो निकाली काढू नये. उलट मला इथेच राहू द्यावं. 'इथेच' म्हणताना डोळ्यांपुढे जे आलं त्यात नदी होती, अम्मा होत्या, भजी तर होतीच, म्हणजे ते सिरोंचा होतं. दीड वर्ष ज्या गावातून सुटायला मी तीन अर्ज केले, त्याच गावासाठी मी मोक्ष परत करत होतो.

परतल्यावर अम्मांना विचारलं, पहिलं मागणं फळाला आलं तर? त्या मिरच्यांचे देठ खुडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी गोदावरीचे तीन पुष्कर न्हाले, प्राणहितेचे तीन. दर खेपेला मुक्ती मागितली. अजून तुमच्या शेजारीच आहे ना सारू?"

चौथा अर्ज मी केला नाही. भीती गेली का? नाही. रात्री कळ आली की अजून मी बायकोला उठवतो आणि ती अजून फाटकाचंच सांगते.

नोव्हेंबर आला. मास्तर काठी टेकत आत शिरले आणि खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाले, "यंदाबी हुकलो जी साहेब!"

"मीबी," मी म्हणालो आणि शिक्का मारला.

हयातीचा दाखला एकच वर्ष चालतो. पुढच्या नोव्हेंबरात नवा लागतो.