चौघांची रापण

१० एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृहखात्याने समुद्रातली मासेमारी टाळेबंदीतून मोकळी केली. अट अशी, अंतर राखा. सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या किनाऱ्यावर हा हुकूम पोचला तेव्हा रापणकारांनी एकमेकांकडे बघितलं, अर्थात सहा फुटांवरून. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं; तिचे दोन्ही दोर ओढायला माणसांची रांग लागते, आणि जमावबंदीत पाचवा माणूस आला की गुन्हा. एका म्हाताऱ्याने तोडगा काढला, "चौघांनी दोर धरूचो, बाकीच्यांनी घराकडसून जोर लावूचो." घरून काम करण्याची इतकी सुटसुटीत पद्धत हिंजवडीतही कुणाला सुचली नव्हती.

याच गावात मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. तेव्हाही हुकूम काढणारे लांब बसले होते.

२०२० साली गणपती २२ ऑगस्टला होते. चाकरमान्यांनी गावी येऊन १४ दिवस विलगीकरणात बसावं असं आधी घाटत होतं. ओरड झाली, मग १० झाले. चार दिवसांची ही सूट विषाणूने कुठल्या बैठकीत मान्य केली, त्याचं इतिवृत्त जिल्ह्याच्या मुख्यालयात, ओरोसला मागून बघा. खासगी गाडीला ई-पास हवा होता, एसटीला नको. लाल डब्यात चढायची विषाणूचीही छाती नसावी.

रात्री फिरणं बंद झालं आणि दशावताराचा पेटाराही बंद झाला. आमचा संकासुर मध्यरात्रीशिवाय तोंडाला रंग लावत नाही. त्याला दुपारी तीनची वेळ कोण देणार?

पण खरा हिशेब पुलावर झाला. १० मे २०२१ पासून गोव्यात शिरायला निगेटिव्ह अहवाल लागू लागला. इथली पोरं किरणपाणीचा पूल ओलांडून पेडणे-म्हापशाला रोजच्या कामाला जातात. अहवालाचं आयुष्य ७२ तास. म्हणजे पगार खिशात पडायच्या आधीच नाकातून निघून जायचा. त्याच आठवड्याच्या शेवटी तौक्ते वादळ मात्र कसलाही अहवाल न दाखवता गोव्याकडून वर आलं. माड पाडले, वीज घालवली, आणि पुढे गुजरातला गेलं. त्याला कुठल्याच नाक्यावर अडवलं नाही.

जूनमध्ये निर्बंधांसाठी जिल्ह्यांचे पाच स्तर झाले, आम्ही चौथ्यात. ऑगस्टमध्ये निम्म्याहून जास्त महाराष्ट्र सुटला तरी आम्ही अडकलेल्या ११ जिल्ह्यांत होतोच. दुकानं चारला बंद. "माशाक घड्याळ दाखवतलो कोण?" असं बाजारात एका मासेवालीने विचारलं, त्यावर शासन निर्णयात अजून खुलासा नाही.

टाळेबंदीच्या पहिल्या २१ दिवसांबद्दल माझी तक्रार नाही. जिल्ह्यात तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयसुद्धा नव्हतं. साथ एकदम अंगावर आली असती तर खाटा पुरल्या नसत्या. वेळ विकत घेणं भाग होतं. पण किती वेळ, काय भावाने, आणि पैसे कुणाच्या खिशातून, हे पुढचं दीड वर्ष कुणी मांडलंच नाही. जीव किती वाचले याचा अंदाज जाहीर व्हायचा, चुली किती विझल्या याचा रकानाच तक्त्यात नव्हता.

म्हणून पुढच्या साथीसाठी एक नम्र सूचना. टाळेबंदी जरूर करावी. फक्त ती उठेपर्यंत हुकमावर सही करणाऱ्यांना पगाराऐवजी रापणीचा वाटा द्यावा. जाळ्यात जे येईल त्याचे वाटे घालायचे, जाळं कोरडं आलं तर वाटाही कोरडा. पहिल्या हुकमावर सगळे सह्या करतील. मुदतवाढीची फाईल आली की मात्र ओरोसपासून मंत्रालयापर्यंत कुणाला पेन सापडायचं नाही.