भट्टीला शटडाऊन, सॉफ्टवेअरला डेडलाइन

सॉफ्टवेअरची गुंतागुंत डोळ्यांना दिसत नाही, हा तिचा मुख्य दोष. भिलाईच्या पोलाद कारखान्यात तो जास्त जाचतो, कारण इथे मोठी वस्तू मोठीच दिसते. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. २०१८ मध्ये पेटलेली ‘महामाया’ भट्टी तर ४,०६० घनमीटरची. इथला २६० मीटरचा रूळ लांब आहे, हे पटवून द्यायला सल्लागार लागत नाही. सॉफ्टवेअर मात्र साहेबांना दिसते ते पडद्यावरच्या बटणाएवढे. मग आणखी एक बटण दोन दिवसांत होईल, हा अंदाज चहा येण्याआधीच मंजूर होतो.

भट्टीच्या आतले अस्तर झिजते. ते बदलायला भट्टी काही महिने बंद ठेवावी लागते. याला कॅपिटल रिपेअर म्हणतात, आणि त्यासाठी पैसे मागणाऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही. सॉफ्टवेअरही आतून झिजते: घाईत केलेली तात्पुरती सोय कायमची होते, तिच्यावर दुसरी चढते, आणि मूळची कोणी व का केली होती हे सांगणारा माणूस एव्हाना निवृत्त झालेला असतो. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरने १९९२ मध्ये याला कर्जाची उपमा दिली, तीही आपल्या वरिष्ठाला समजावे म्हणून. वरिष्ठांना उपमा जगभर आवडली. कर्ज काढायचे एवढे त्यांच्या लक्षात राहिले. हप्त्यांचे पान उलटायचे राहून गेले.

काम रखडले की माणसे वाढवण्याचा हुकूम निघतो. आयबीएममधल्या अनुभवावरून फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले, की अशाने रखडलेले काम आणखी रखडते. नव्यांना शिकवायला जुन्यांनाच हातातले सोडावे लागते. हुकूम अजून निघतातच.

तारीख आधी आणि यंत्रणा नंतर, या पद्धतीचा नमुना मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये घालून दिला. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकाच हंगामात संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरले. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल रखडले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. सॉफ्टवेअरची गुंतागुंत वरिष्ठांना इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

हे टाळायला अधिकाऱ्याने प्रोग्रामिंग शिकण्याची गरज नाही. शिकलेला अधिकारी उलट जास्त धोक्याचा. कोणत्या भागाला हात लावायला माणसे घाबरतात, कोण रजेवर गेले की काम अडते, आणि गेल्या वर्षी आठवड्यात होणाऱ्या बदलाला यंदा महिना का लागतो, एवढे विचारून उत्तर संपेपर्यंत गप्प बसावे. मग अंदाजपत्रकात भट्ट्यांच्या दुरुस्तीखाली सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीचाही एक रकाना घालावा. तो कापायचाच झाला, तर आधी भट्टीचा कापून दाखवावा.