लाईन सोडू नका

दसरा चौकात उभं राहून ‘जोतिबाला कसं जायचं?’ एवढं नुसतं पुटपुटलात, तरी चार जण थांबतात. एक केर्लीची बाजू घेतो, दुसरा गिरोलीची, तिसरा त्या दोघांची अक्कल काढतो आणि चौथा ‘या माझ्या मागनं’ म्हणत गाडी चालू करतो. जोतिबाला त्याचं काहीही काम नसतं.

अशा गावात राहून ‘कुणालाही रस्ता विचारणार नाही’ असा पण करायचा, तर त्याला छाती लागते. ती आमच्या बुलेटवाल्यांतल्या रूटमास्तरला आहे. मोटरसायकलींचा ग्रुप म्हटला की त्यात असा एक नग असतोच. वय चाळीस ते पंचावन्न. पोटापाण्याला बँकेत, नाहीतर पॉलिटेक्निकवर, नाहीतर उद्यमनगरात स्वतःचं मशिन शॉप. यातला उद्यमनगरचा सगळ्यात भारी. जीपीएसबरोबर आलेला माऊंट त्याला ‘डगडगतोय’ असं वाटतं. मग ॲल्युमिनियमचा ठोकळा मिलिंगला लागतो आणि एखाद्या ट्रॅक्टरला शोभेल असा माऊंट तयार होऊन हँडलवर बसतो. उद्या गाडी दरीत गेली तरी माऊंट जागचा हलायचा नाही, अशी तो खात्री देतो. ती ऐकून आपल्याला फारसा धीर येत नाही.

‘मोबाइल आहे की, मग हे डबडं कशाला?’ हा प्रश्न त्याला विचारू नये. विचारलाच तर वेळ काढून विचारावा. मोबाइल उन्हात तापतो, पावसात बोटाला दाद देत नाही, हातमोजे घातले की तर ओळखही दाखवत नाही. शिवाय मोठ्या इंजिनाच्या हादऱ्यांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, हे २०२१ साली खुद्द ॲपलनंच जाहीर केलं. ते पान त्यानं जपून ठेवलं आहे आणि तो ते मोबाइलवरच काढून दाखवतो.

एकदा गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर हातात धारोष्ण दुधाचा ग्लास घेऊन त्याचं व्याख्यान रंगलं होतं. वर वीस हजार किलोमीटरवर उपग्रह फिरतायत. त्यातले चार दिसले की आपण कुठं आहोत ते कळतं. तिघांवरून जागा, आणि चौथा आपल्या यंत्राच्या घड्याळाची चूक काढायला. पूर्वी अमेरिका मुद्दाम चूक मिसळून द्यायची, शंभरेक मीटरची. २००० साली क्लिंटननी ती बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेही १ मे रोजी. रूटमास्तर दर महाराष्ट्र दिनाला झेंडावंदनाहून आला की या दुसऱ्या मुक्तीचीही आठवण काढतो. म्हैसवाला धार काढता काढता सगळं ऐकत होता. त्यानं विचारलं, ‘मग आत्ता तुमी कुठं हाय म्हणतंय त्ये?’

‘गंगावेशीत.’

‘ह्ये मी फुकट सांगितलं असतं की.’

लडाखला जायचं जूनमध्ये, पण फाईल सुरू होते दिवाळीत. कोल्हापूर ते मनाली हे अंतर दोन हजार किलोमीटरच्या पुढं. ते सगळं तो लॅपटॉपवर, रोज जेवणानंतर, वीतभर वीतभर सरकत जातो. कुठल्या शहराला बायपास आहे, कुठल्या ढाब्यासमोर झाडाची सावली आहे, कुठल्या पंपावरून पुढं किती वेळ पंप नाही, सगळं उपग्रहाच्या चित्रावरून पाहून ठेवतो. मनालीच्या पुढं तांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी प्रसिद्ध पाटी असायची. त्या आकड्यावर त्यानं तेरा लिटरची टाकी, तीसचा ॲव्हरेज, चढाला वजावट आणि कॅनमधलं पेट्रोल असं गणित मांडलेलं असतं. एकेका मुक्कामाची एकेक फाईल. आणि हाच माणूस मुलीला आणायला निघाला की घरी फोन करतो, ‘राजारामपुरीत कितवी गल्ली गं?’ क्लासला ती तीन वर्षं जाते आहे.

त्याची फाईल ही काय चीज आहे ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. फाईल दोन तऱ्हेची. रूट आणि ट्रॅक. ट्रॅक म्हणजे मैदानावर चुन्यानं मारलेली रेघ. यंत्र ती नुसती दाखवतं, तुम्ही तिच्यावरून चालायचं. रूट म्हणजे फक्त ठिकाणं. मधला रस्ता यंत्र स्वतःच्या डोक्यानं, स्वतःच्या नकाशावरून आणि स्वतःच्या सेटिंगप्रमाणे काढतं. म्हणजे लॅपटॉपवर रात्रभर जागून आखलेला हायवे यंत्रात गेल्यावर हायवेच राहील, असं नाही. एखादा पॉइंट चौपदरी रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला पडला, तर यंत्र तुम्हाला पुढच्या पुलापर्यंत नेतं, वळवून मागं आणतं, त्या पॉइंटला शिवायला लावतं आणि मगच पुढं सोडतं. कागलजवळ एका चहाच्या टपरीला आमच्या सगळ्या गाड्यांनी अशी प्रदक्षिणा घातली आहे. टपरी बंद होती.

पण खरी गंमत टोलची. मोटरसायकलला टोल नसतो, हे शेंबडं पोरही सांगेल. रूटमास्तरलाही ते माहीत आहे. तरी ‘टोल टाळा’ या चौकटीत त्यानं खूण केली होती. का, तर तत्त्व म्हणून! शहरातला टोल ज्या गावानं रस्त्यावर उतरून घालवला, त्या गावच्या माणसाच्या यंत्रात ही खूण नसणं त्याला बरं वाटेना. यंत्राला तत्त्व कळत नाही, सेटिंग कळतं. पहाटे पाचला कावळा नाक्यावरून निघालो. चहा फाईलमध्ये थेट कराडला होता, त्यामुळं तो मिळाला नाही. आणि किणीच्या अलीकडंच यंत्रानं आम्हाला हायवेवरून खाली उतरवलं. मागून कुणीतरी ओरडलं, ‘भावा, सरळ जायाचं हाय की!’ पुढून हेल्मेटमधून आवाज आला, ‘लाईन सोडू नका!’

लाईन वारणेकाठच्या उसात शिरली. आधी डांबर संपलं, मग खडी संपली, मग दोन चाकोऱ्यांमधलं गवत इंजिनाला घासायला लागलं. एका वळणावर पटक्यातला म्हातारा आडवा उभा. त्यानं आठ-दहा गाड्या, जाकिटं, गुडघ्यांवरची कवचं निवांत पाहून घेतली.

‘कुठं निघालायसा?’

‘लडाखला.’

‘ही पाणंद हाय. फुडं माझी हीर हाय.’

दुसरा एखादा असता तर गाडी वळवली असती. रूटमास्तरनं यंत्राचा पडदा मोठा करून म्हाताऱ्यासमोर धरला आणि रस्ता पार पलीकडच्या गावाला कसा मिळतो ते बोटानं दाखवलं. म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून पाहिलं.

‘ह्यात हीर कुठाय?’

‘विहीर नाही दाखवलेली.’

‘मग तुमचं चुकलंय.’

रूटमास्तर आजही त्या विहिरीला ‘नकाशातली तफावत’ म्हणतो. यंत्र चुकलं असं त्याच्या तोंडून कधी येत नाही. रस्ता चुकतो, गाव चुकतं, रस्ते बांधणारं खातं तर जन्मापासून चुकत आलेलं आहे. २०२४च्या जानेवारीत करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद झाला. गगनबावड्याला तसा फलक लागला होता, आडवे दगड होते, वर हात करणारा पोलीसही होता. यंत्रात घाट मोकळा होता. रूटमास्तर पोलिसाशी बोलला नाही, पण फलकाचा फोटो घेऊन त्यानं नकाशावाल्यांकडं दुरुस्ती पाठवली आणि मग आम्ही भुईबावड्यानं उतरलो. एवढं मात्र म्हणायला हवं, की कोकणात उतरायच्या वाटा त्याला पाठ आहेत: आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली, तिलारी. पाठ असूनही तो यंत्राकडं बघतोच.

पावसाळ्यात मात्र त्याची पंचाईत होते. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात एकच आकडा चालतो, राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा. ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका. पानपट्टीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत कोणालाही विचारा, आजची फूट आणि इंच सांगेल, शिवाय राधानगरीचे किती दरवाजे उघडलेत तेही. २०१९ला आणि २०२१ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि रस्ता बंद पडला. उपग्रह तेव्हाही वर फिरतच होते. यंत्र पुण्याची दिशा दाखवून सांगत होतं, सरळ जा. सरळ पंचगंगा होती.

एवढं सगळं असून ग्रुप त्याला सोडत का नाही? त्याचं उत्तर मनालीच्या पुढं मिळतं. अटल बोगदा २०२०मध्ये झाल्यापासून रोहतांग चढावा लागत नाही, पण बोगद्यापलीकडं पुढं कुठंतरी मोबाइलची दांडी नाहीशी होते ती होतेच. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तर लडाखमध्ये निव्वळ प्लास्टिक. कोल्हापुरात ‘डबडं कशाला’ म्हणणारे सगळे तिथं गप्प होतात. त्या डबड्याला नेटवर्क लागत नाही, त्याला आकाश लागतं, आणि आकाश तिथं भरपूर आहे. धुकं उतरतं, सरचूच्या आसपास अंधार पडायला येतो, पोटात मळमळत असतं, आणि पुढच्या गाडीवर एक जांभळी रेघ शांतपणे चमकत असते. कुठल्या ओढ्याला दुपारनंतर बर्फाचं पाणी वाढतं म्हणून तो सकाळीच ओलांडायचा, हे त्यानं दिवाळीतच फाईलमध्ये लिहून ठेवलेलं असतं. तिथं कुणी ‘भावा, सरळ’ म्हणत नाही.

अर्थात त्याचं मोठेपण फार वेळ टिकू द्यायचं नाही, असा त्याचाच स्वभाव. खारदुंगला खिंडीत १८,३८० फुटांच्या पाटीखाली सगळे फोटोला उभे राहिले, बायकापोरांना पाठवायला. हा हातात यंत्र घेऊन बाजूला. ‘पाटी चूक आहे. खिंड ५,३५९ मीटर आहे. म्हणजे साडेसतरा हजार फूट आणि वर थोडे.’ त्याचं म्हणणं खरं आहे, जीपीएसनं मोजलेली उंची तेवढीच निघते. पण तोवर निम्म्यांनी १८,३८० छापलेले टी-शर्ट विकत घेतले होते. परत येईपर्यंत त्याच्याशी कुणी धड बोललं नाही. तो मात्र खुशीत होता, कारण त्याची फाईल आणि प्रत्यक्ष अंतर यांत फारसा फरक पडला नव्हता. लडाख कसं होतं, असं घरी विचारल्यावर त्यानं ‘बरोबर होतं’ असं सांगितलं.

तेव्हा लांबच्या वाटेला निघणार असाल तर बरोबर एक रूटमास्तर जरूर घ्या. त्यानं पाठवलेली फाईल आदल्या रात्री मुकाट्यानं लोड करा, टोलची खूण तेवढी काढून टाका, आणि चहा घरूनच पिऊन निघा. पण दोन रूटमास्तर घेऊ नका. दोघांच्या दोन फाईली असतात, आणि मग पहिला मुक्काम कावळा नाक्यावरच पडतो.